नामदेव ढसाळांची पहिली चार पुस्तके : एक तौलनिक विचार

एखाद्या कलावंताच्या आरंभीच्या कृती एकमेकींशेजारी ठेवून त्यांत श्रेष्ठ कोणती आणि कनिष्ठ कोणती, हे ठरविण्याची हौस तरुण रसिकांना पूर्वीपासून आहे. हल्ली वसतिगृहातून हा वाद रॅप गायकांच्या अल्बमवरून रंगतो. मुंबईच्या गल्लीतून वर आलेल्या डिव्हाईन व नेझी यांचे 'मेरे गली में' हे गाणे २०१५ साली गाजले, २०१९ साली त्याच वातावरणावर 'गली बॉय' हा चित्रपट निघाला, आणि तेव्हापासून 'पहिला आवाज खरा, पुढचा सारा बाजार' असे म्हणणारा एक पक्ष व 'पहिला कच्चा, पुढचा पक्का' असे म्हणणारा दुसरा पक्ष, असे दोन तट पडलेले दिसतात. हा वाद वरवर पाहता पोरकट वाटला, तरी त्याच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. गल्लीतून उठलेला आवाज गल्लीबाहेर गेला, त्याला मान मिळाला, म्हणजे तो कोणासाठी बोलू लागतो?

मराठी कवितेत हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांच्या बाबतीत. 'गोलपिठा' (१९७२), 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले' (१९७५), 'आमच्या इतिहासातील एक अपरिहार्य पात्र : प्रियदर्शिनी' (१९७६) आणि 'तुही यत्ता कंची' (१९८१) ही त्यांची पहिली चार पुस्तके. अवघ्या नऊ वर्षांत इतकी वळणे घेणारा कवी मराठीत विरळा. या चार पुस्तकांचा क्रम लावून पाहावा आणि तो लावताना कोणती कसोटी वापरावी याचाही विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रॅप आणि ढसाळ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय वस्तीत १९७३ च्या सुमारास ज्या गानप्रकाराने मूळ धरले, त्यातून पुढे रॅप जन्मास आले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्याच १९७२ साली ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन 'दलित पँथर' ही संघटना उभी केली. हा कालयोग पाहून ढसाळांना रॅपचे मराठी पूर्वज ठरविण्याचा मोह होतो. तो आवरावा. रॅपचा प्राण ठेक्यात आणि यमकात असतो. ढसाळांची कविता मुक्तछंदातली आहे. तिच्या ओळी लांबच लांब धावतात, प्रतिमांच्या राशी ओतत जातात, आणि तिला तालाची गरज भासत नाही. साम्य आहे ते एवढेच की, जी बोली सभ्य समाजाने साहित्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवली होती, तिलाच दोघांनी बोलण्याचे साधन केले. परंतु हे साम्य लहान नाही.

कसोटी कोणती?

ढसाळांच्या पुस्तकांचा क्रम लावणारे बहुधा दोन कसोट्या वापरतात. काही जण 'धक्का किती बसला' हे मोजतात, तर काही जण कवीची राजकीय भूमिका आपल्याला पटते की नाही हे पाहतात. पहिली कसोटी लवकर बोथट होते, कारण धक्का दुसऱ्या वाचनात ओसरतो. दुसरी कसोटी कवितेची नव्हेच, ती मतांची आहे. आम्ही येथे तिसरी कसोटी सुचवितो : कवी कोणाशी बोलतो आहे, आणि त्यासाठी कोणती भाषा वापरतो आहे? माणूस कोणाकडे तोंड करून उभा आहे हे त्याच्या भाषेवरून कळते. वरिष्ठाशी बोलताना आपली बोली आपोआप बदलते, हा अनुभव प्रत्येकाला आहे. कवितेतही तेच घडते.

१. गोलपिठा (१९७२)

ढसाळांचा जन्म पुण्याजवळील पूर-कनेरसरचा. बालपणीच ते मुंबईस आले आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले. पुढे त्यांनी टॅक्सीही चालविली. 'गोलपिठा' हे त्याच वेश्यावस्तीच्या परिसरातील एका भागाचे नाव. या वस्तीविषयी पूर्वी मराठीत कोणी लिहिले नव्हते असे नाही. पण लिहिणारा बाहेरून येई, हळहळ करी आणि परत जाई. ढसाळ आतून बोलतात. खेड्यातली महारवाड्याची बोली, मुंबईची हिंदी, जुगाराच्या अड्ड्यावरचे व धंद्यातले शब्द, शिव्या आणि मध्येच एखादा भारदस्त संस्कृत शब्द, असे सारे एकाच ओळीत नांदते.

या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मुंबईत मुरलेल्या या नाटककारालाही यातील कित्येक शब्द अनोळखी होते, आणि त्यांनी ते दडवून ठेवले नाही. ही गोष्ट आमच्या कसोटीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. येथे कवी वाचकाच्या सोयीसाठी आपली भाषा बदलत नाही. वाचकालाच चार पावले चालून यावे लागते. आजवर मराठी शिकायला दलितांनी शाळेत जायचे होते. 'गोलपिठा'ने पांढरपेशा वाचकाला शाळेत बसविले.

तरीही हा संग्रह केवळ संतापाचा नाही. 'माणसाने' ही प्रसिद्ध कविता आधी सर्वनाशाला आवाहन करीत जाते आणि शेवटी माणुसकीच्या गाण्याशी येऊन थांबते. तो शेवट खरा वाटतो, कारण आधीची सगळी घाण कवीने वगळलेली नाही. संग्रहाचा दोष सांगायचा तर प्रतिमांची गर्दी कधी कधी इतकी होते की, एक प्रतिमा दुसरीला गुदमरविते.

२. मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले (१९७५)

या संग्रहाचे नाव एका जुन्या चिनी कथेवरून आले आहे. घरासमोरचे दोन डोंगर खणून काढायला निघालेल्या म्हाताऱ्याला शेजारी हसतो. म्हातारा म्हणतो, माझ्यामागे माझी मुले खणतील, मग नातवंडे खणतील, आणि डोंगर तर काही वाढत नाही. माओ त्से-तुंग यांनी ही कथा १९४५ च्या भाषणात सांगितली, आणि साम्राज्यशाही व सरंजामशाही हे ते दोन डोंगर होत असा तिचा अर्थ लावला.

नावावरूनच कवीचे तोंड कोणत्या दिशेला वळले हे ध्यानात येते. १९७४ साली दलित पँथरमध्ये फूट पडली. आंबेडकरवाद की मार्क्सवाद, हा त्या वादाचा गाभा होता. या संग्रहातील कवी पुष्कळदा कार्यकर्त्यांशी बोलतो. विचारांची झेप येथे मोठी आहे आणि जगातील शोषितांशी नाते जोडण्याची आकांक्षाही आहे. परंतु जेथे सिद्धांताचे शब्द पुढे येतात तेथे वस्तीचा वास मागे पडतो. जेथे कवी पुन्हा एखाद्या माणसापाशी येऊन थांबतो, तेथे कविता उजळते.

३. प्रियदर्शिनी (१९७६)

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी आली. त्याच वर्षअखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी तिला उघड विरोध केला आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला. अशा काळात ढसाळांनी इंदिरा गांधींवर गौरवपर दीर्घकविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अनेक चाहत्यांना हे पुस्तक आजही अडचणीचे वाटते आणि क्रम लावताना ते हळूच वगळले जाते.

वगळणे योग्य नव्हे. त्या काळचा दुसरा पदरही पाहिला पाहिजे. जुलै १९७५ मध्ये जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन आणि वेठबिगारीचे उच्चाटन यांचा समावेश होता. ज्याच्या पिढ्या वेठीत गेल्या, त्याला या घोषणेत आशा दिसणे अगदीच अनाकलनीय नाही. मात्र समजून घेणे वेगळे आणि कविता म्हणून वर ठेवणे वेगळे. आमच्या कसोटीवर हे पुस्तक खाली उतरते, ते त्यातील मतामुळे नव्हे. येथे कवीने मान वर करून सत्तेकडे पाहिले आहे. ज्याने कोणासाठी शब्द बदलला नव्हता, त्याला येथे गौरवाचा सूर लावावा लागला, आणि गौरवाच्या सुरात गल्लीची बोली मावत नाही.

४. तुही यत्ता कंची (१९८१)

हे नाव एक साधा प्रश्न आहे, आणि तो बोलीत विचारलेला आहे. शाळेच्या मराठीत 'तुझी इयत्ता कोणती' असे होईल. पण तसे म्हणताच प्रश्न विचारणारा मास्तर होतो. 'तुही यत्ता कंची' असे विचारणारा मात्र आपल्याच आळीतला कोणी असतो. पायरी, वर्ग, जात असे सर्व अर्थ त्या एका 'यत्ते'त आहेत.

मधल्या काळात पुष्कळ घडून गेले होते. आणीबाणी संपली होती, संघटना फुटली होती. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव होताच मराठवाड्यात, आणि आपल्या सीमेलगतच्या नांदेड जिल्ह्यातही, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. प्रत्यक्ष नामविस्तारास १९९४ साल उजाडले. अशा वेळी कवी पुन्हा आपल्या माणसांकडे तोंड करतो. 'गोलपिठा'तला स्फोट येथे थोडा शमला आहे, पण आवाज अधिक ओळखीचा झाला आहे.

कन्नड कवितेशी तुलना

आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे सिद्धलिंगय्या (१९५४–२०२१) आठवतील. त्यांचा 'होलेमादिगर हाडु' हा पहिला संग्रह १९७५ चा, म्हणजे ढसाळांच्या दुसऱ्या संग्रहाच्याच वर्षीचा. सिद्धलिंगय्यांची गीते दलित संघर्ष समितीच्या मोर्चांतून गायिली गेली, जशी आपल्या तेलंगणात गद्दर (निधन २०२३) यांची गाणी गावोगाव गायिली गेली. ढसाळांची कविता मोर्चात एकसुराने म्हणता येत नाही, ती एकट्याने वाचावी लागते. म्हणून तिला लोकांपर्यंत नेणारी चाल नाही, तिची सारी भिस्त शब्दावर आहे. गीतात शब्द थोडा ढिला पडला तर चाल त्याला सावरून घेते. येथे शब्द ढिला पडला की कविताच पडते. ढसाळांच्या बाबतीत भाषेची कसोटी लावणे याचसाठी न्याय्य आहे.

आमचा क्रम

वरील विवेचनावरून क्रम असा लागतो : पहिला 'गोलपिठा', दुसरा 'तुही यत्ता कंची', तिसरा 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले' आणि चौथी 'प्रियदर्शिनी'. 'तुही यत्ता कंची' अधिक परिपक्व म्हणून पहिल्या स्थानी ठेवावा, असे कोणी म्हणेल तर ते मत विचारार्ह आहे. परंतु 'तुही यत्ता कंची' हे नाव मुखपृष्ठावर छापता आले, ते नऊ वर्षांपूर्वी 'गोलपिठा'ने वाट पाडली म्हणून. वाट पाडणाऱ्याचा मान पहिला.

आणि चौथ्या क्रमांकाचे पुस्तकही वाचावे, हे आग्रहाने सांगणे आहे. आपल्या आवडत्या कवीचे फक्त आवडते पुस्तक वाचणे ही भक्ती झाली, तिला अभ्यास म्हणता येत नाही.

आपल्यासाठी बोध

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न मुंबईचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या अलीकडे, बेला-जैनदच्या बाजूस, जी मराठी घरोघर बोलली जाते तीत 'तुही' आणि 'माही' हे रोजचे शब्द आहेत. घरी मराठी, बाजारात तेलुगू, निजामी अमदानीतल्या कचेरीची उर्दू आणि डोंगराकडे गोंडी व कोलामी, अशा चार-पाच भाषांच्या शेजारात ही बोली वाढली. तरी वार्षिक अंकासाठी लेखणी उचलली की आपण ती बोली उंबऱ्याबाहेर ठेवून पुण्याच्या पुस्तकातली वाक्ये जुळवू लागतो. प्रमाणभाषा अवश्य यावी, परीक्षेला आणि पत्रव्यवहाराला ती हवीच. पण 'तुही' हा शब्द चुकीचा नाही, तो मराठी काव्यसंग्रहाच्या मुखपृष्ठावर छापलेला आहे.

ज्या १९८१ साली हा संग्रह आला, त्याच वर्षी २० एप्रिलला आपल्या जिल्ह्यात इंद्रवेल्ली येथे, जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर गोळीबार झाला. असे काही लिहायला आपल्यापैकी कोणी बसला, तर 'कसे लिहू' याच्या आधी 'कोणाशी बोलू' हे त्याला ठरवावे लागेल. ढसाळांची चार पुस्तके क्रमाने वाचली असता या प्रश्नाची चार उत्तरे मिळतात. त्यांतील कोणते आपले, हे ज्याचे त्याने निवडावे.