बोटीवर प्रत्येकाला काम हवं

अगं, तुझा मेसेज वाचला. इस्टरच्या सुट्टीत नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यातल्या त्या लांब-अरुंद बोटीवर, जायचं म्हणतेस, सासूबाई तेव्हा इथेच असणार, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ ची, आणि जावईबापूंनी म्हणे आत्तापासूनच सेकंडहँड बोटींच्या जाहिराती चाळायला घेतल्यात. फोनवर तुझ्याशी धड बोलणं होत नाही. मध्येच कुणीतरी हाक मारतं आणि तू "ताई, नंतर करते" म्हणून ठेवून देतेस. म्हणून बसून लिहितेय. सावकाश वाच.

पहिलं म्हणजे त्या जाहिराती बंद करा म्हणावं. बोट विकत घेतली की नुसती किंमत मोजून सुटका होत नाही. दरवर्षी कालव्यावर फिरायचा परवाना, विमा, बोट बांधून ठेवायच्या जागेचं भाडं, दर ४ वर्षांनी सुरक्षेचा दाखला, आणि दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळं लावायचं, ते वेगळंच. हे सगळं हौसेने करणारी माणसं मी पाहिलीत. पण ती आधी बोटीच्या प्रेमात पडली आणि मग खर्चात. उलट क्रमाने गेलेल्यांची बोट दोन उन्हाळ्यांत विक्रीला लागते.

मग प्रेमात पडायचं कसं? लोकांना वाटतं, हिरवी शेतं, बदकं, जुने दगडी पूल बघून माणूस आपोआप पडतो. ते पहिला तासभर ठीक. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरसुद्धा नाही, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. कुत्रं फिरवायला निघालेल्या आजीबाई तुम्हाला मागे टाकून पुढे जातील. नुसतं बसून बघणाऱ्या मुलांचं दुसऱ्या तासाला "अजून किती वेळ?" सुरू होतं. ज्याच्या हातात काम असतं त्याचं होत नाही. इतक्या घरांत बघितलंय की आता पैज लावायला तयार आहे मी. ज्या घरात लहानथोर सगळ्यांना बोटीवर काहीतरी करायला असतं, ते घर पुढच्या वर्षी परत जातं. बाकीचे फोटो टाकून मोकळे होतात.

तुला इतिहासाची आवड म्हणून सांगते, ब्रिटनला कालव्यांचा लळा लागला तोही असाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कालवे खणायची लाट आली ती कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी वाहून न्यायला. घोडा काठावरून चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. पुढे रेल्वे आली, भाडी पडली, काठावरचं घर परवडेना, तेव्हा नावाड्यांची बायकामुलं बोटीवरच राहायला आली. मागच्या टोकाची कॅबिन जेमतेम १० फूट लांब, ७ फुटांपेक्षा अरुंद, आणि त्यात आख्खा संसार. हौसमौज कसली, पोटाची सोय ती. १९३९ साली एल. टी. सी. रोल्ट नावाचा इंजिनिअर लग्न करून बायकोला घेऊन 'क्रेसी' नावाच्या जुन्या बोटीवर राहायला गेला. त्या प्रवासावरचं त्याचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये आलं, लोक ते वाचून कालव्यांकडे वळून बघायला लागले, आणि १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन वगैरे मंडळींनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, तिथे उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ आटोपली. १९६८ च्या कायद्याने बरेच कालवे सहलीच्या बोटींसाठी राखले खरे, पण कायद्याने गाळ निघत नाही. तो काढला शनिवार-रविवारी फावडी घेऊन चिखलात उतरलेल्या साध्या माणसांनी. केनेट अँड एव्हन कालवा वर्षानुवर्षं मोडून पडला होता. लोकांनी पैसे जमवले, स्वतः राबले, आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. ज्यात आपला घाम गेला त्यावर जीव जडतो, तुझ्या घरातही वेगळं काही होणार नाही.

तुमचं काम म्हणजे मुख्यतः लॉक. जमीन चढत किंवा उतरत जाते तिथे कालव्याला पायरी असते, आणि त्या पायरीवरून बोट वर-खाली नेण्यासाठी दोन टोकांना दारं असलेला दगडी हौद. वर जायचं असेल तर बोट खालच्या दारातून आत घ्यायची, दार लावायचं, आणि मग वरच्या टोकाला जाऊन पॅडल उचलायचं. पॅडल म्हणजे पाणी सोडायची झडप. त्यासाठी काटकोनात वाकवलेली लोखंडी किल्ली मिळते, तिला विंडलस म्हणतात. ती दांड्यावर बसवून फिरवायची, खटक खटक आवाज येतो, आणि खालून पाणी उसळायला लागतं. एका वेळी लाखाहून जास्त लिटर पाणी भरतं. बोट भिंतीलगत हळूहळू वर येते. आधी खोल विहिरीत दिसणारा बाबाचा चेहरा थोड्या वेळाने मुलांच्या समोर येतो, ह्याला मुलं कधी कंटाळत नाहीत. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला आलं नसेल तर दार तसूभर हलत नाही, तू कितीही जोर लाव. आलं की तू आणि मुलगी दोघी दाराला जोडलेल्या जाड तुळईला पाठ लावा, पाय रोवा आणि नुसतं रेटत राहा. एक क्षण काहीच होत नाही, आणि मग ते टनावारी धूड सरकतं. शाळेत पाणी आपली पातळी शोधतं वगैरे शिकवतात ना, ते तिला पाठीने कळेल.

विंडलस मुलाच्या हातात दे, पण एक सवय आधी लाव. काम झालं की ती दांड्यावरून काढायची, कधीही तशीच ठेवायची नाही. खटका निसटला तर ती गरगर फिरते आणि मनगट मोडते. बोट घेताना एक जास्तीची मागून घे, कारण विंडलसा पाण्यात पडतात, सगळ्यांच्याच पडतात. खाली उतरताना मात्र गंमत बाजूला ठेवायची. वरच्या दाराच्या पायाशी पाण्याखाली एक दगडी कठडा असतो, सिल म्हणतात त्याला. भिंतीवर त्याची पांढरी खूण असते. बोटीचं मागचं टोक त्या खुणेच्या पुढे हवं. पाणी उतरताना ते कठड्यावर टेकलं तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडू शकते. म्हणून जो टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, आहे त्याने त्या वेळी फोन, चहा, गप्पा काही करायचं नाही. काही विपरीत वाटलं की ओरडायचं आणि काठावरच्यांनी पॅडल पाडायची, एवढं ठरवून ठेवा.

आता मुद्द्याचं बोलू का? कुठल्याही लॉकवर पाच मिनिटं उभी राहून बघ. नवरा मागे टिलरला टेकून ऐटीत उभा, हातात चहाचा मग. बायको काठावर धावतेय, विंडलस फिरवतेय, दार ढकलतेय, दोर झेलतेय. गोऱ्यांच्या घरांतही हेच, आपल्याला नावं ठेवायला नको. आणि गंमत बघ, टिलरला ताकद लागतच नाही, सगळी ताकद लागते ती दाराला! त्यात आपल्याकडे भर अशी की लॉक संपला की तीच बाई खाली जाऊन पोळ्या लाटते. तिची सुट्टी म्हणजे इवल्याशा ओट्यावर तोच स्वयंपाक. पुढच्या वर्षी ती म्हणते, "तुम्ही जा, मी घरीच थांबते." आई घरी थांबली की ती घराची हौस उरत नाही, एकट्या बाबाची होते. माझं हे मत तुझे भाऊजी दहा वेळा ऐकून बसलेत, त्यामुळे आमच्याकडे टिलर फिरता असतो. दर दोन पुलांनी माणूस बदलायचा.

आणि बाईला जमेल का, असं कुणी हळूच विचारलं तर दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांग. पुरुष कमी पडले तेव्हा तरुण मुलींना भरती करून, तिघी-तिघींच्या तुकड्या मालवाहू जोडबोटींवर चढवल्या. लंडनहून बर्मिंगहॅमकडे माल आणि परत येताना कोळसा. त्यातल्या कित्येकींनी आधी बोट हाताळलेलीसुद्धा नव्हती. एमा स्मिथ त्यांच्यातलीच. तिचं 'मेडन्स ट्रिप' १९४८ मध्ये आलं, लायब्ररीत मिळालं तर जरूर वाच.

टिलरचं तंत्र उलटं आहे. तो उजवीकडे ढकललास की बोट डावीकडे वळते. ६० फुटांची बोट स्वतःच्या मध्याभोवती फिरते, त्यामुळे तोंड वळलं तरी शेपूट दुसरीकडे जाते, त्यावरही नजर हवी. मागचा पंखा फिरत असेल तरच सुकाणू ऐकतं, आणि ब्रेक नाहीच, रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची. समोरून बोट आली तर उजवीकडे सरकायचं, रस्त्याच्या बरोब्बर उलट. पहिला अर्धा तास तू दोन्ही काठांना नमस्कार करत जाशील. सगळेच जातात, कुणी काही म्हणत नाही. बोट स्टीलची असते.

सासूबाईंची काळजी तू उगाच करतेस. आत उतरायच्या पायऱ्या उभ्या असतात, तेवढ्या सांभाळून उतरवा, आणि लॉकवर त्यांना काठावर उतरवू नका. एरवी त्यांना पुढच्या बाकावर शाल गुंडाळून बसव आणि रीतसर काम दे. पुलाखाली वाट एकाच बोटीपुरती असते आणि मागून टिलरवरच्याला पलीकडचं दिसत नाही. समोरून बोट दिसली की त्यांनी हात वर करायचा. बघ, दुसऱ्या दिवशी त्या दुर्बीण मागतील. मात्र टॉयलेट कसलं आहे ते बुकिंगच्या वेळीच विचार. एक प्रकार डबा काढून आपण रिकामा करायचा असतो, दुसऱ्यात टाकी पंपाने उपसून देतात. पाच माणसांत आणि सासूबाई बरोबर असताना दुसराच घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पाण्याची टाकी रोज भरायची, आंघोळी आटोपशीर. स्वयंपाकाचं म्हणशील तर भाजणी, मेतकूट, चटण्या घरून ने, एका रात्री काठावरच्या पबमध्ये जेवा आणि एक रात्र जावईबापूंची. थंडी वाजते म्हणून आतली हवेची भोकं फडकी कोंबून बंद करायची नाहीत, गॅस आणि शेगडी आत असते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते पहिल्याच दिवशी बटण दाबून बघ.

मुलांना लाइफ जॅकेट बोटीवर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत, वाद नाही. बहुतेक ठिकाणी कालवा छातीपेक्षा खोल नसतो, पण पाणी गार असतं आणि खरी भीती पंख्याची. कुणी पडलंच तर ताबडतोब न्यूट्रल, आणि घाबरून रिव्हर्स टाकायचा नाही. बोट भिंतीवर आपटेल असं वाटलं तर आपटू दे, हात किंवा पाय मध्ये घालायचा नाही. पंधरा टनांची वस्तू हाताने थांबत नसते.

कुठे जायचं? तुझ्या घराजवळच टार्डबिगीचे ३० लॉक आहेत, आणि जावईबापूंच्या मनात तेच असणार, मी ओळखून आहे. नको. केन हिलचे २९ ही नकोत. लॉकच नसलेला रस्ताही नको, मुलं कंटाळतील. वेल्सच्या हद्दीवरचा लँगोलेन कालवा बघ. न्यू मार्टनच्या खालच्या अंगाने निघालात तर लँगोलेन गावापर्यंत लॉक दोनच, आणि वाटेत पाँटकसल्टीचा जलसेतू. टेलफर्ड आणि जेसपने बांधलेला, १८०५ चा, २००९ पासून जागतिक वारसा. ३०७ मीटर लांबीच्या लोखंडी पन्हाळीतून बोट जाते आणि खाली ३८ मीटरवर नदी. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काही म्हणजे काही नाही, पन्हाळीची कड आणि मग थेट हवा. तेवढा वेळ मुलं आत, खिडकीशी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे बोटींची रांग लागते, तुमचं इस्टर त्या मानाने बरं.

त्याआधी एखाद्या रविवारी फार्मर्स ब्रिजच्या १३ लॉकवर मुलांना घेऊन जा, बर्मिंगहॅम शहराच्या मधोमधच आहेत, फुकट. बोट येताना दिसली की दार ढकलायला मदत करू का, असं विचार. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. मुलांना त्यातच मजा आली नाही तर चार रात्रींचे पैसे घालवू नकोस, एक दिवसाची बोट घेऊन बघ आधी.

सोमवार ते शुक्रवारचं बुकिंग कर, चार रात्री मिळतात. बोट ताब्यात देताना माणूस इंजिन, गॅस, लॉक सगळं दाखवतो, आणि बहुधा थोडं अंतर बरोबरही येतो. भाड्याच्या बोटीला चालवायचं लायसन्स लागत नाही, शिकायला मिळतं ते तेवढ्याच वेळात. तेव्हा पर्स, पिशव्या, मुलं सगळं जावईबापूंकडे दे आणि त्या माणसाशेजारी टिलरपाशी तू उभी राहा.