बॅकअप : टेपचा धडा आणि आपली शाळा



शाळेच्या कार्यालयात जुने विद्यार्थी येतच असतात. कुणाला टीसीची दुसरी प्रत हवी असते, कुणाला जन्मतारखेचा दाखला. तीस वर्षांपूर्वीचे स्कॉलर रजिस्टर उघडले की नोंद सापडते आणि काम होते. आता मात्र प्रवेश, फी, परीक्षेचे गुण, हजेरी हे सारे संगणकावर आले आहे. आज पाचवीत असलेला विद्यार्थी तीस वर्षांनी दाखला मागायला आला, तर त्याची नोंद सापडली पाहिजे. ती सापडेल की नाही हे ‘बॅकअप’ नावाच्या सवयीवर अवलंबून आहे. ही सवय समजून घ्यायला टेप ड्राइव्ह हे फार चांगले उदाहरण आहे.

बॅकअप कशाला म्हणावे?

एकच फाइल दोन फोल्डरमध्ये ठेवली, तर तो बॅकअप नव्हे. संगणक बिघडला की दोन्ही जातात. सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवून दोन्हींवर एकच मजकूर लिहिण्याची सोय असते. एक डिस्क जळाली तर ती उपयोगी पडते, पण कुणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. मूळ मजकुरापासून वेगळी असलेली, मूळ बिघडले तरी शाबूत राहणारी आणि जिच्यावरून सर्व काही परत उभे करता येते अशी प्रत म्हणजे बॅकअप.

टेप म्हणजे काय?

पालकांना गाण्यांची कॅसेट आठवत असेल. संगणकाची टेप त्याच जातीची आहे. सुमारे अर्धा इंच रुंद चुंबकीय फीत एका बंद डबीत गुंडाळलेली असते. आज सर्वांत प्रचलित प्रकार आहे एलटीओ. त्याची पहिली पिढी २००० साली आली. तिच्या एका डबीत १०० गीगाबाइट माहिती मावत असे. २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या डबीत १८ टेराबाइट, म्हणजे १८० पट माहिती मावते. तिच्यातील फीत १०३५ मीटर लांब असते.

कॅसेटवर सातवे गाणे ऐकायचे असेल तर फीत पुढे पळवावी लागायची. टेपचेही तसेच आहे. एखादी लहान फाइल शोधायला ती मंद, पण सलग लिहायला फार वेगवान. नवव्या पिढीचे ड्राइव्ह एका सेकंदात ४०० मेगाबाइटपर्यंत लिहू शकते. काम झाले की डबी बाहेर काढून कपाटात ठेवायची. कपाटातील डबीला वीज लागत नाही आणि व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. टेपचा खरा गुण हाच.

जाळ्यातील अनेक संगणक, टेप ड्राइव्ह एकच

प्रत्येक संगणकाला वेगळे ड्राइव्ह लावणे परवडत नाही. म्हणून ड्राइव्ह एकाच सर्व्हरला जोडतात. बाकीच्या प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवतात. त्याला ‘एजंट’ म्हणतात. रात्री ठरलेल्या वेळी सर्व्हर एकेका एजंटला हाक मारतो, एजंट आपल्या फाइली जाळ्यातून पाठवतो आणि सर्व्हर त्या टेपवर लिहितो. कोणती फाइल कोणत्या टेपवर कुठे आहे, याची सूची सर्व्हर ठेवतो. या सूचीचीही वेगळी प्रत हवी. सूची हरवली तर एका फाइलसाठी टेप सुरुवातीपासून वाचत बसावे लागते.

आता थोडे गणित करू. समजा ४० संगणक आहेत आणि प्रत्येकाची १० गीगाबाइट माहिती घ्यायची आहे. एकूण झाले ४०० गीगाबाइट. जाळ्याचा वेग १०० मेगाबिट असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट माहिती जाते. म्हणजे ३२,००० सेकंद, जवळजवळ नऊ तास! जाळे एक गीगाबिटचे असेल तर हेच काम तासाच्या आत होते.

इथे एक अडचण येते. टेपला माहितीचा प्रवाह सलग लागतो. जाळे मंद असेल तर फीत थांबते, थोडी मागे जाते आणि पुन्हा पुढे धावते. बुटाला पॉलिश करताना ब्रश मागे-पुढे होतो तसे हे सतत चालते. त्यात वेळ जातो आणि फीतही झिजते. म्हणून सर्व संगणकांची माहिती आधी सर्व्हरच्या डिस्कवर जमा करतात आणि मग एका दमात टेपवर उतरवतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात तयार झालेला ‘अमांडा’ हा मुक्त प्रोग्राम याच रीतीने चालतो.

व्यवहारातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रात्री जो संगणक बंद असेल त्याचा बॅकअप होत नाही, म्हणून सकाळी अहवाल वाचलाच पाहिजे. आणि फीचा प्रोग्राम उघडा ठेवून घरी गेल्यास त्याच्या फाइलीची प्रत अर्धवट निघण्याचा धोका असतो.

आजोबा, वडील आणि मुलगा

रोज सर्व माहिती लिहिण्याची गरज नसते. आठवड्यातून एकदा ‘पूर्ण’ बॅकअप घेतात आणि इतर दिवशी त्या दिवशी बदललेल्या फाइलीच घेतात. याला ‘वाढीव’ बॅकअप म्हणता येईल. तो लवकर होतो, पण परत उभारणी करताना आधी पूर्ण आणि मग प्रत्येक दिवसाची टेप क्रमाने लावावी लागते. मधली एक टेप खराब निघाली की साखळी तुटते.

टेपा आलटून-पालटून वापरण्याच्या एका पद्धतीला ‘आजोबा-वडील-मुलगा’ असेच नाव आहे. सोमवार ते शुक्रवार पाच टेपा म्हणजे मुलगे. त्या दर आठवड्याला पुन्हा वापरायच्या. शनिवारच्या चार टेपा म्हणजे वडील. त्या दर महिन्याला पुन्हा वापरायच्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारची टेप म्हणजे आजोबा. अशा बारा टेपा वर्षभर जपायच्या. एकूण २१ टेपा झाल्या.

आजोबांची गरज का पडते? जुलैमध्ये एखाद्या वर्गाचे गुण पुसले गेले आणि ते ऑक्टोबरमध्ये लक्षात आले, तर तोवर मुलगे आणि वडील दोघांवरही नवा मजकूर लिहिला गेलेला असतो. गुण सापडतात ते फक्त जून महिन्याच्या आजोबांकडे.

घडलेल्या चार गोष्टी

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या एका सॉफ्टवेअर बदलातील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेल खात्यांतील पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंत पोहोचला. पत्रे परत मिळाली ती टेपवरून, कारण टेपा जाळ्याबाहेर होत्या.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. पुढे सरकारने संसदेत सांगितले की, हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या ‘जी-ड्राइव्ह’मधील ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिची बाहेर प्रत नव्हती.

चौथी गोष्ट ३१ जानेवारी २०१७ची. गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी त्या कामास आल्या नाहीत. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. मधल्या काळातील नोंदी मात्र गेल्या.

चारही गोष्टींचे सार असे : प्रत जाळ्याबाहेर हवी, इमारतीबाहेर हवी आणि ती परत वाचून पाहिलेली हवी. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तरी ती लोकांच्या मुखी होती, असे परंपरा सांगते. प्रत दुसरीकडे असण्याचे महत्त्व आपल्याला परके नाही.

आपण काय करावे?

एलटीओ ड्राइव्हची किंमत लाखांच्या घरात जाते. शिवाय नवव्या पिढीचे ड्राइव्ह फक्त नवव्या आणि आठव्या पिढीच्या डब्या वाचते, त्याहून जुन्या नाही. आपल्याएवढ्या शाळेने हा खर्च करावा असे मला वाटत नाही. टेपची शिस्त मात्र अवश्य घ्यावी. विश्वस्त मंडळाने पुढील गोष्टींचा विचार करावा अशी विनंती आहे.

१. कार्यालयासाठी तीन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्या पाळीपाळीने वापराव्यात. बॅकअप झाला की डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

२. एक डिस्क नेहमी शाळेच्या इमारतीबाहेर, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये असावी. माळव्यातल्या मे महिन्यात ती बंद गाडीत ठेवून हिंडू नये.

३. डिस्कवर मुलांची व पालकांची खाजगी माहिती असते. म्हणून ती सांकेतिक कुलपात ठेवावी आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात दोन विश्वस्तांकडे असावा.

४. दर सत्रात एकदा दुसऱ्या संगणकावर एका वर्गाची गुणपत्रके परत उभी करून पाहावीत आणि त्याची नोंद सहीनिशी ठेवावी.

५. स्कॉलर रजिस्टर कागदावर लिहिणे चालूच ठेवावे.

पालकांनीही मुलांच्या अंकसूची, जातीचा दाखला, जन्मदाखला यांच्या प्रती केवळ मोबाइलमध्ये ठेवू नयेत. मोबाइल हरवला की मूळ आणि प्रत एकदमच जाते.

स्वाध्याय (इयत्ता ८वी ते १०वी)

१. २५ संगणक, प्रत्येकी ८ गीगाबाइट माहिती आणि जाळे १०० मेगाबिटचे. पूर्ण बॅकअपला कमीत कमी किती वेळ लागेल? (१ गीगाबाइट = १००० मेगाबाइट धरा.)

२. शनिवारी पूर्ण आणि इतर दिवशी वाढीव बॅकअप होतो. गुरुवारी दुपारी डिस्क बिघडली. कोणत्या टेपा, कोणत्या क्रमाने लागतील? कोणते काम परत मिळणार नाही?

३. घरातील कोणत्या पाच कागदपत्रांची किंवा छायाचित्रांची दुसरी प्रत घराबाहेर आहे, ते आई-वडिलांना विचारून लिहा.

उत्तरे आपापल्या वर्गशिक्षकांकडे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकाचीही नाही’ असे आले, तर त्याच रविवारी घरच्यांबरोबर कामाला लागावे.

— प्राचार्य