गरम आणि गार करणाऱ्यांवर नजर ठेव

पोरी, नवं घर मांडलंस. भांडीकुंडी आणि सल्ले देणारे पुष्कळ भेटतील. माझा जन्म वीज मंडळात मीटर आणि तारा बघण्यात गेला, तेव्हा माझ्याकडून त्यातलंच काय ते घे.

दिव्यांच्या फार मागे लागू नकोस. ‘दिवा घालव’ म्हणून आम्ही पोरांवर ओरडायचो, ते 60 वॅटच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात. आता तेवढाच उजेड 9 वॅटचा एलईडी देतो. खोलीतून निघताना घालवावा, पण राहिलाच तर त्यावरून नवऱ्याशी भांडू नये. भांडायचंच असेल तर गिझरवरून भांड. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास तापला की 1 युनिट गेलं. तेवढ्यात तुझा तो दिवा शंभर तासांहून जास्त जळेल, म्हणजे चार दिवस आणि चार रात्री. घरात जे जे गरम करतं किंवा गार करतं, ते वीज खातं. गिझर, इस्त्री, एसी, फ्रिज. बाकीचं सगळं किरकोळ.

आणि हे युनिट कुठून येतं ते लक्षात असू दे. आपल्याकडे अजून बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या भट्ट्यांतून येते. एका युनिटामागे साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. वर पाणी लागतं ते वेगळंच. 2013च्या दुष्काळात परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. आपण पाणी तापवायला जी वीज जाळतो, तिच्यासाठी तिकडे आधीच कुणाचं तरी पाणी खर्ची पडलेलं असतं.

तेव्हा गिझरच्या मागचा काटा 50 अंशांवर आणून ठेव. 65 अंशांचं कढत पाणी काढायचं आणि त्यात गार मिसळत बसायचं, यात काय शहाणपण? पाठोपाठ अंघोळी उरका, म्हणजे टाकी पुन्हा पुन्हा तापत नाही. बादलीनं अंघोळ करा असं सांगितलं तर नातजावई हसतील, पण सांगून ठेवते तुझी आजीही, नुसता मी नाही.

कपडे धुण्याच्या यंत्रातही पाणी तापवायची सोय असते आणि दुकानदार तीच आधी दाखवतो. रोजच्या कपड्यांना साधं पाणी पुरतं. चादरी आणि पोराबाळांचे लंगोट असतील तेव्हाचं तेव्हा बघू. यंत्र लावायचं ते दिवसा, शक्यतो दुपारी. तेव्हा सूर्याची वीज तारेत असते. संध्याकाळी सात वाजता सगळं गाव एकदम स्विच दाबतं आणि भार कोळशावर जातो.

एसी घ्याल, घ्या. पुण्याचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही, उगाच कशाला घाम गाळायचा? पण 18 वर लावून वर दुलई घेऊ नका. 26 वर ठेवून पंखा सावकाश फिरू द्या. अंशागणिक सुमारे 6 टक्के वीज वाचते. जाळी महिन्यातून एकदा काढून धुवायची. पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावलास तरी ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून बांबूची चिक सोड, म्हणजे ते काचेपर्यंत पोचणारच नाही.

स्वयंपाकघरात तुझी आई तुला शिकवेल, तरी दोन गोष्टी सांगतो. छोले, राजमा, हरभरे रात्रीच भिजत घाल. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर. शिट्टी म्हणजे बाहेर जाणारी वाफ. ज्या घरात आठ शिट्ट्या होतात तिथे डाळ जास्त शिजत नाही, गॅस जास्त जातो. आपल्या देशातला निम्म्याहून जास्त गॅस बोटीनं बाहेरून येतो. ज्योत पातेल्याच्या कडेनं वर चढत असेल तर तू ओटा तापवते आहेस. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं पिनेनं साफ कर. उरलेलं कालवण गरम असतानाच फ्रिजमध्ये ढकलू नकोस, पण रात्रभर बाहेरही ठेवू नकोस.

कापडी पिशवी न्यावी, चांगलंच आहे. पण लग्नाकार्यांत मिळालेल्या वीस पिशव्या कपाटात असताना एकविसावी विकत घेऊन लोकांना वाटतं आपण पृथ्वी तारली. तीच माणसं गिझर लावून पेपर वाचत बसतात.

आता तुमच्या सोसायटीचं. गच्चीवर सोलरचं गरम पाणी आहे म्हणालीस. वरच्या मजल्यावर नळ सोडला की लगेच ऊन पाणी येतं, पण खालच्यांना आधी बादलीभर गारच मिळतं आणि ते सगळे मोरीत सोडून देतात. तुझा मजला दुसरा, तेव्हा ते बादलीत धरायचं, फरशीला नाहीतर झाडांना होतं. खरा उपाय म्हणजे गच्चीवरच्या उघड्या पाइपांना फोमचं वेष्टण. खर्च फार नाही आणि दर हिवाळ्यात कामाला येतं. येत्या सभेत हा विषय मांड. मात्र आधी अर्ज लेखी दे आणि पोच घे. तोंडी सांगितलेलं सेक्रेटरींच्या लक्षात राहत नाही.