दातांच्या तारा व त्यांची वेदना

वाकडे दात ओळीत आणण्याकरिता तारा बसविलेली मुले आमच्या वर्गांतून दिसतात. पहिले दोन दिवस त्यांचा चेहरा उतरलेला असतो व डबा तसाच घरी परत जातो. घरची मंडळी एक तर घाबरून जातात, नाही तर हे सारे ढोंग समजतात. वेदनेचे कारण कळल्यास हे दोन्ही प्रमाद टळतील, म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचा सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा पडदा असतो. तारेच्या जोराने तो एका बाजूस दाबला जातो, तेथील रक्तप्रवाह मंदावतो व वेदना वाढविणारी द्रव्ये उत्पन्न होतात. दाबाच्या बाजूचे हाड झिजते, ताणाच्या बाजूस नवे हाड बनते आणि दात सरकतो. ठणका बहुधा काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी शिगेस पोहोचतो व आठवडाभरात ओसरतो. तार पुन्हा आवळली म्हणजे तोच क्रम चालतो.

प्रकारपरत्वे त्रासही निराळा असतो. धातूच्या पक्क्या तारांनी गाल व ओठ घासून तोंड येते. दातांच्या आतील बाजूस बसविलेल्या तारा जिभेस लागतात व उच्चार अडखळतात. काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांनी आरंभीचे दिवस सामान्यतः कमी दुखते. परंतु ते दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात.

ह्या दिवसांत मऊ वरणभात किंवा खिमट द्यावे, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्या व टोचणाऱ्या जागी दंतवैद्याने दिलेले मेण लावावे. चिक्की, ऊस व चणे वर्ज्य करावे. वेदनाशामक औषध दंतवैद्यास विचारूनच द्यावे. आठवडा उलटूनही ठणका राहिला, तार मांसात रुतली अथवा सूज आली, तर त्वरित त्याच्याकडे जावे.

विद्यार्थ्यांनो, दुखते म्हणून दात घासणे सोडू नका. तारांत अडकलेल्या अन्नाने दात किडतात व सोसलेले दुःख वाया जाते. तार घातलेल्या सोबत्यास हसू नका. आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, मूल दुखते म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवावा. ज्याचे दुखणे घरी ऐकले जाते, ते मूल उपचार अर्ध्यावर सोडण्याचा हट्ट सहसा धरीत नाही.