वही न काढणारा मुलगा

शिक्षकमित्रांनो, ‘हा मुद्दाम त्रास देतो’ असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी अशा वागण्यामागे चार हेतू सांगितले: लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, सूड घेणे आणि ‘मला जमणारच नाही’ म्हणून अंग काढून घेणे. ओळखायचं कसं? आधी आपल्याला काय वाटतं ते बघा. नुसती चीडचीड झाली तर त्याला लक्ष हवंय. ‘बघतोच तुला’ वाटलं तर सत्तेची ओढाताण. मन दुखावलं तर सूड. हताश वाटलं तर चौथा.

माझ्या वर्गातला एकजण वहीच काढायचा नाही. मी उद्धट समजून त्याला दाराबाहेर उभं केलं. (शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ मला पाठ होतं बरं का!) नंतर कळलं, त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. आता मधल्या सुट्टीत आम्ही दोघं रोज पाच शब्द वाचतो.