बाल्बोआ : दाटीत जन्मलेले नृत्य

स्त्रीपुरुषांनी छातीला छाती भिडवून नाचायचे, हे वाचून माझ्यासारख्या, घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाला संकोच वाटणारच. पण बाल्बोआ नृत्यातील या जवळिकीचे कारण शृंगारापेक्षा जागेच्या टंचाईत अधिक आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील बाल्बोआ द्वीपकल्पावर १९२८ साली रांदेव्हू बॉलरूम सुरू झाली. त्या भागातील नृत्यगृहांच्या गर्दीत हातपाय झोकून नाचणे अशक्यच. नर्तकांनी पावले आखडली.

मूळ पदन्यास आठ मात्रांचा. पुरुषाने डावा, उजवा, डावा पाय टाकून चौथ्या मात्रेला थांबायचे. मग उजवा, डावा, उजवा, आणि आठवी मात्रा रिकामी. जोडी आधी पुरुषाच्या मागे सरकते, मग पुढे. स्त्रीची पावले विरुद्ध पायाने. पाऊल जमिनीलगत, भार चवड्यांवर. संगीत मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांचे असले तरी खांदे शांत!

खरी मेख तोलात आहे. आपल्या फुगडीत दोघी मागे झुकतात. एकीने हात सोडला की दुसरी पडलीच. येथे दोघांचा कल पुढे, तरीही कोणी कोणावर रेलायचे नाही. दिशा सांगायची ती छातीच्या हालचालीने, हाताने ओढून नव्हे. ढकलाढकली करणारा पुरुष येथे कच्चा ठरतो, ही गोष्ट मला विशेष भावली. स्पर्श आहे, पण बळजोरी नाही.

ती बॉलरूम १९६६ साली आगीत भस्मसात झाली. नृत्य मात्र मॅक्सी डॉर्फ यांच्यासारख्या जुन्या नर्तकांकडून पुढल्या पिढीने उचलले.