दाढेत तुकडा राहिला तर

आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात दाढ दुखली की दोनच उपाय सांगतात: लवंग धर, नाहीतर काढून टाक. मला दाढ राखायची होती म्हणून मी रूट कॅनाल करून घेतलं. दोन-तीनदा जाणं झालं, कॅप बसली, पैसे चुकते केले. पुढच्या पावसाळ्यात त्याच दाढेच्या हिरडीवर पुळी आली. दाबली की खारट पू यायचा. दुखत फारसं नव्हतं, आणि हेच फसवं असतं. पू बाहेर पडायला वाट मिळाली की ठणका थांबतो, पण आत हाड झिजत राहतं.

बीडच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. दाढेची दोन मुळं स्पष्ट दिसत होती. पुढचं मूळ खाली जिथे वळतं, तिथे दोन-तीन मिलिमीटरची एक रेघ होती. नळीत भरलेल्या मसाल्यापेक्षा ती जास्त पांढरी, कडा धारदार, आणि मोठी करून पाहिली तर तिच्यावर पीळही दिसत होता. मुळाच्या टोकाशी काळसर डाग. “ही फाईल तुटून राहिलीय. सांगितलं नव्हतं का तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. कुणीही सांगितलं नव्हतं. आधीच्या दवाखान्याच्या कागदावरही त्याचा उल्लेख नव्हता.

फाईल म्हणजे मुळातली नळी आतून खरवडून साफ करायची बारीक, पीळदार सुई. पूर्वी त्या स्टीलच्या असायच्या. १९८८ साली निकेल-टायटॅनियमच्या फाईलवरचं पहिलं संशोधन आलं आणि पुढे मशीनवर फिरणाऱ्या लवचिक फाईली आल्या. त्यांनी काम सोपं केलं, पण तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तशी ही फाईलही वळणदार मुळात फिरून फिरून थकते आणि बहुधा आधी काही न दाखवता तुटते. टोक अडकलं आणि मशीन फिरतच राहिलं तरी तुटते. खालच्या दाढांची पुढची मुळं अरुंद आणि वाकडी असतात, म्हणून हे तिथे जास्त घडतं. एकच फाईल अनेक रुग्णांना वापरली की धोका वाढतो.

चांगल्या हातांकडूनही हे घडतं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनी केलेल्या ८,४६० उपचारांत ३.३ टक्के दातांत तुटलेल्या साधनाचा तुकडा राहिला होता. म्हणून फाईल तुटली याचा राग मी धरलेला नाही. राग आहे तो न सांगण्याचा. त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी वेळेवर तज्ज्ञाकडे गेलो असतो आणि दाढेच्या बुडाचं हाड वाचलं असतं.

तुकडा आहे म्हटल्यावर घरच्यांचा एकच धोशा: तो आधी काढून घे. मलाही तसंच वाटत होतं. छत्रपती संभाजीनगरच्या एंडोडॉन्टिस्टनी, म्हणजे रूट कॅनालमध्येच एमडीएस केलेल्या डॉक्टरांनी, सूक्ष्मदर्शकाखाली दाढ पाहिली आणि तुकडा काढायला नकार दिला. कारण असं की तुकडा नळीच्या वरच्या सरळ भागात असेल तर अल्ट्रासोनिकच्या बारीक टोकाने भोवतालचा दात थोडा कोरून, कंपनं देऊन तो सैल करता येतो. वळणाच्या पलीकडे असेल तर तिथवर पोचायला मूळच पोखरावं लागतं. मुळाला भोक पडलं किंवा पुढे ते चिरलं, तर दाढच जाते. त्यांनी हाताच्या सगळ्यांत बारीक फाईलने तुकड्याच्या बाजूने वाट काढली, पलीकडची घाण धुतली, औषध भरून ठेवलं आणि पुळी बसल्यावर नळी बंद केली. तुकडा आजही आत आहे. वर्षभरानंतरच्या एक्सरेत हाड भरून येताना दिसलं, आणि मी त्या दाढेने भाकरी चावतो.

धातूचा तुकडा स्वतः विष पसरवत नाही. खरा प्रश्न त्याच्यामागे अडकलेल्या जंतूंचा असतो. मेलबर्नच्या त्याच अभ्यासात तुकडा राहिलेले ९१.८ टक्के आणि तुकडा नसलेले ९४.५ टक्के दात बरे झाले. मुळाशी आधीच संसर्ग असेल तर हेच आकडे ८६.७ आणि ९२.९ होतात. तेव्हा उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर तुटलं, नळी किती साफ झाली होती आणि मुळाशी डाग होता का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचाराच. नळी जवळजवळ साफ झाल्यावर तुटलं असेल तर बऱ्याचदा तो तुकडा तसाच ठेवून वर भरतात आणि दर सहा महिने-वर्षाने एक्सरे काढून लक्ष ठेवतात. यातलं काहीच जमलं नाही तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. दाढ उपटणं सगळ्यांत शेवटी.

आपल्या जिल्ह्याची अडचण मात्र वेगळी आहे. माझी वहिनी ऊसतोडीला जाते. अर्धं रूट कॅनाल झालेलं असताना टोळी निघाली. थांबा म्हटलं तर म्हणाली, “भाऊजी, उचल घेतलीय, मुकादमाला काय सांगू?” दाढेवरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते फडावर झिजलं आणि कोपीत तिचा गाल सुजून डोळा झाकला. गोळ्यांनी सूज उतरली, पण परत आली, कारण घाण आतच होती. अशी सूज जबड्याखाली गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, तर रात्र काढू नका. श्वास कोंडू शकतो. साखर कारखान्याजवळचं जे मोठं रुग्णालय असेल ते त्याच रात्री गाठा.

खर्चाची धास्ती असेल तर संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. गेवराईमार्गे एसटी थेट जाते. डॉक्टर नोंदणीकृत आहेत का, हे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारून पाहता येतं. खरा डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. काम करताना दाताभोवती रबराचा पडदा लावतात का, तेही विचारा, म्हणजे हातातून निसटलेली फाईल घशात जात नाही.

लपवाछपवी होऊन नुकसान झालंच तर बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. नुसती फाईल तुटली म्हणून डॉक्टर दोषी ठरतीलच असं नाही, पण आधीचे आणि नंतरचे एक्सरे जवळ नसतील तर तुमचं म्हणणंच उभं राहणार नाही.

दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघणाऱ्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे: दाढेचं काम श्रावणातच सुरू करा, कायमचं सिमेंट बसल्याशिवाय गाव सोडू नका, आणि शेवटच्या दिवशीचा एक्सरे हातात घेऊनच दवाखान्यातून बाहेर पडा.